कोरडे पराग

पहिल्या काचपट्टीवरचे सगळे परागकण फुटलेले होते. दुसऱ्या पट्टीवरही तेच. तिसरी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना संघमित्राचा हात इतक्या घाईत होता की वरची पातळ काच तिच्याच बोटाखाली तडकली.

"हळू," जुई म्हणाली. "काच फोडून उगवणार आहेत का ते?"

संघमित्राने डोळा लावला. जिथे गोल, भरलेले दाणे दिसायला हवे होते, तिथे रिकामी टरफलं होती आणि त्यांच्याभोवती सांडलेला धुरकट लगदा.

दादरच्या त्या ज्युनिअर कॉलेजच्या हॉलमध्ये विज्ञान प्रदर्शनाची टेबलं मांडणं चालू होतं. कोणी ज्वालामुखीला रंग देत होतं, कोणी वायर शोधत होतं. अकरावीतल्या या दोघींचं टेबल खिडकीजवळ होतं. त्यावर एक सूक्ष्मदर्शक, त्याच्या भिंगावर बसवायचा जुईचा मोबाइल आणि मोबाइलला जोडलेला टीव्ही. पुढे पुठ्ठ्यावर जुईच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'परागनलिका – जिवंत, तुमच्यासमोर वाढताना'.

जेवणानंतर परीक्षक येणार होते. त्यांच्यातले एक होते डॉ. मनमोहन विजयकर. ते परळच्या एका संशोधन संस्थेत काम करत. दरवर्षी मेच्या सुट्टीत ते एका विद्यार्थ्याला आपल्या प्रयोगशाळेत घ्यायचे, स्वतःचं टेबल आणि स्वतःचा सूक्ष्मदर्शक देऊन. त्याचा बक्षिसाशी काही संबंध नसायचा. त्यांना जो पोरगा किंवा पोरगी पटेल, ती. संघमित्राला जुलैत हे कळलं तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही टिकत नव्हतं. जुईला त्या जागेत रस नव्हता. मे महिन्यात ती आणि तिचे गिरगावातले सगळे चुलतभाऊ अलिबागला आंबे खायला जाणार होते.

संघमित्रा मुळातच एका जागी न बसणारी. चिंचपोकळीच्या घरी आजी तिला भिंगरी म्हणायची. वर्गात तिचा पाय सतत हलायचा, त्यामुळे पुढच्या बाकावरची मुलगीही थरथरत असे. जीवशास्त्राच्या देविका मॅडमनी तिला रागावण्याऐवजी एका रविवारी साखरेच्या पाण्यात सदाफुलीचे पराग टाकून सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं होतं. दाण्यातून एक पारदर्शक नळी बाहेर आली आणि पुढे पुढे सरकू लागली. त्या दिवशी संघमित्रा उठली नाही. तहान लागली तरी उठली नाही. तेव्हापासून दर रविवारी कॉलेजच्या गच्चीवरच्या कुंड्यांतली फुलं तोडून ती तेच करत होती आणि एकदाही फसली नव्हती.

आणि आज सगळे दाणे फुटले होते.

देविका मॅडम दुसऱ्या टेबलावरून आल्या. त्यांनी भिंगातून पाहिलं, मग डबीतली उरलेली फुलं पाहिली. एक पाकळी बोटाने चेपली.

"ही भिजली होती का गं?"

"नाही मॅडम. म्हणजे ओल्या फडक्यात होती. गच्चीवर वॉटरप्रूफिंग सुरू झालंय, कुंड्या फेकल्या. म्हणून घरची आणली."

"ओल्या फडक्यात," मॅडम म्हणाल्या. "अगं, पराग कोरडा ठणठणीत असतो. पाणी दिसलं की पितो. साखर नसलेलं साधं पाणी मिळालं तर पीत पीत फुटतो. हे काल रात्रीच फुटलेत."

संघमित्राने जिन्यात जाऊन घरी फोन लावला. कांताआजीने उचलला.

"आजी, फुलं कधी काढली होतीस?"

"रात्रीच. पहाटे कोणीतरी नेतं बाबा गॅलरीतली. काढली, चांगलं पाणी शिंपडलं, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. बुद्धवंदनेची ठेवते तशी. का गं? ताजी राहिली ना?"

"राहिली."

"मग? झालं का काम?"

संघमित्रा जिन्याच्या कठड्यावर नख घासत राहिली. "होतंय," ती म्हणाली.

खाली येऊन तिने पर्स उचलली. "चल."

"कुठे?"

"फूल मार्केटला. दादरमध्ये असून फूल नाही मिळणार का?"

"अगं, सदाफुली कोण विकतं? ती फुकटात उगवते."

"सदाफुली नको. काहीही चालेल. फक्त कोरडं पाहिजे."

देविका मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि नको म्हणायला तोंड उघडलं. पण या मुलीला आता इथे बसवून ठेवलं तर ती उरलेल्या काचाही फोडेल, असं त्यांना वाटलं असावं. "लवकर या," एवढंच त्या म्हणाल्या.

स्टेशनजवळच्या पुलाखाली नेहमीसारखी दाटी होती. संघमित्रा पुढे, जुई मागे. झेंडूचे ढीग, शेवंतीचे ढीग, गुलाबाच्या जुड्या, निशिगंध. आणि प्रत्येक ढिगाशेजारी एक बादली. विकणाऱ्या बाईचा हात एकदा पैशांकडे, एकदा बादलीकडे. ओंजळभर पाणी फुलांवर, उरलेलं स्वतःच्या कपाळावर.

"मावशी, पाणी न मारलेलं फूल आहे का?"

मावशीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिळं पाहिजे? उद्या ये, हेच देते."

"शिळं नको. कोरडं. ताजं पण कोरडं."

"ऐक गं हिचं," मावशी शेजारणीला म्हणाली. "ताजं पण कोरडं म्हणे. लग्न झाल्यावर नवऱ्याकडे पण असंच मागेल काहीतरी."

शेजारीण हसली आणि हसता हसता तिने आपल्या जास्वंदीवर पाणी मारलं. संघमित्राच्या हातावर थेंब उडाले. ती पुढे सरकली. पुढच्या दुकानात गुलाबांना नळीने पाणी देत होते. त्याच्या पुढच्या माणसाने तर अभिमानाने सांगितलं, "आमच्याकडे दर दहा मिनिटाला मारतो. हात लावून बघा, गार लागेल."

इथे ताजं म्हणजे ओलं. आजीचं काही चुकलं नव्हतं. या शहरात कोणीही तेच केलं असतं. संघमित्रा स्वतः ती डबी उघडून सकाळी खूश झाली होती, किती टवटवीत म्हणून.

"झाडावरचं घेऊ," जुई म्हणाली. "कोणाच्या तरी कंपाउंडमधलं."

ते दोघींनी करून पाहिलं. एका इमारतीतली जास्वंद माळ्याने नुकतीच पाइपने धुतली होती. दुसरीकडे वॉचमनने शिट्टी वाजवली. तिसरीकडे बोगनवेल होती, जिचं काय करायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं. चालत चालत त्या प्रभादेवीच्या दिशेने बऱ्याच पुढे आल्या. ऊन चढलं होतं. जुई थांबली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

"आपण टेबलावर मॉडेल ठेवू," ती म्हणाली. "पुठ्ठ्याचं. छान समजावून सांग. तू सांगतेस छान."

"त्यांना सांगणारी नको असेल. बघणारी पाहिजे असेल."

"तुला काय माहीत त्यांना काय पाहिजे?"

"नाही माहीत," संघमित्रा म्हणाली. ती बसली नाही. पायरीसमोर येरझाऱ्या घालत राहिली. "पण मला बसवत नाही. तू बस."

समोर एका लग्नाच्या हॉलपुढे टेम्पो लागला होता. दोन माणसं लांबलचक पुठ्ठ्याची खोकी उतरवत होती. एका खोक्याचं झाकण उघडं होतं आणि आतून पांढऱ्या लिलीची तोंडं बाहेर आली होती. संघमित्रा रस्ता ओलांडून त्या खोक्यामागे आत शिरली. जुईला उठावंच लागलं.

आत स्टेजवर कमानीचा सांगाडा उभा होता. खाली वर्तमानपत्रं पसरून एक माणूस मांडी घालून बसला होता. शेजारी लिलीची रास. तो एकेक फूल उचलायचा, पाकळ्यांमध्ये दोन बोटं घालायचा आणि आतले सहा लांबट तपकिरी तुकडे उपटून पेपरवर टाकायचा. मग फूल दुसऱ्या राशीत. त्याची बोटं हळद-कुंकू कालवल्यासारखी झाली होती.

"दादा, हे काय काढताय?"

"घाण," तो म्हणाला. मान वर न करता. "याचा डाग जात नाही. मागच्या वर्षी एका नवरीच्या शालूला लागला. तिच्या आईने मला हॉलभर शोधला."

"यावर पाणी मारलंय?"

"आता कुठे? कमान झाल्यावर मारणार."

संघमित्रा पेपराशेजारी उकिडवी बसली. कागदावर परागकोशांचा ढीग होता. काही अजून मिटलेले, काही उकलून त्यातून विटकरी भुकटी सांडलेली. तिने बोट लावलं. कोरडी होती. बोटावर तेलकट, विटकरी डाग उमटला.

"हे मी नेऊ?"

आता त्याने वर पाहिलं. "हे? हे कचऱ्यात जातं."

"रामू," मागून कोणीतरी हाक मारली, "कमान दुपारी पाहिजे का रात्री?"

"ने बाई," रामू म्हणाला. "सगळं ने. पेपरसकट ने, मला उचलायला नको. आणि युनिफॉर्मला पुसू नकोस, आईचा मार खाशील."

तिने आधीच पुसलं होतं.

परत आल्यावर देविका मॅडमनी पुडी उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "लिलीचा पराग मोठा असतो. नळी जाड येते, आतलं स्वच्छ दिसतं. पण तुझं द्रावण सदाफुलीचं आहे. याला चालेल का, मला सांगता येणार नाही. मी लिलीचा पराग कधी उगवून पाहिलेला नाही."

"मीही नाही," संघमित्रा म्हणाली. तोवर तिने थेंब टाकलाही होता. साखर, बोरिक ॲसिड, थोडं कॅल्शियम, आणि त्यात काडीच्या टोकाने चिमटीएवढी विटकरी भुकटी.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं आणि तेच कठीण होतं. ती टेबलाभोवती फिरली. पुठ्ठा सरळ केला, पुन्हा वाकडा केला. दर थोड्या वेळाने दिवा लावून डोकवायला गेली की जुई तिच्या मनगटावर चापट मारायची.

"दिव्याने तापतं. तूच सांगितलं होतंस."

"एकदाच."

"आत्ताच एकदाच झालं."

एकदा पाहिलं तेव्हा दाणे अख्खे होते, फुटलेले नव्हते, पण नळीही नव्हती. पुन्हा पाहिलं, तसंच. जेवणाची सुट्टी झाली. जुईने दिलेली चपातीची गुंडाळी संघमित्राने हातात धरली आणि विसरली.

"माझ्याकडे रविवारची फिल्म आहे," जुई हळूच म्हणाली. "सदाफुलीची. मस्त वाढतायत. टीव्हीला तीच लावते. कोणाला कळतंय जिवंत आहे का जुनी आहे?"

संघमित्राने टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं. रविवारच्या नळ्या खरंच सुंदर आल्या होत्या. विजयकर सर येतील, पाहतील, मान डोलावतील. त्यात खोटं तरी किती? नळ्या तिनेच वाढवल्या होत्या.

"नको," ती म्हणाली.

"का? कळेल म्हणून?"

"फिल्म लावली तर हे बघता येणार नाही. मला लिलीची बघायचीय. मी पण नाही ना बघितलेली."

जुईने मोबाइल परत भिंगावर बसवला.

तेवढ्यात शाळेच्या इमारतीतून पाचवीचा एक वर्ग प्रदर्शन बघायला आला आणि या टेबलाला गराडा पडला. टीव्हीवर मोठे विटकरी दाणे दिसत होते, त्यांच्यावर जाळीसारखी नक्षी. एका दाण्याच्या कडेला फुगवटा आला होता. संघमित्राने तो पाहिला आणि ती पडद्याजवळ सरकली.

"हे काय आहे, ताई?"

"हा परागकण. हा दुसऱ्या फुलावर जाऊन पडतो. पण बी होणार खाली, खोल, फुलाच्या तळाशी. मग हा एक नळी काढतो आणि तळापर्यंत पोचवतो. त्या नळीतून नर पेशी खाली जातात."

"नळी रबरासारखी ताणते का?"

"नाही. तिकडे बघ." तिने खिडकीबाहेर करी रोडच्या बाजूला बोट दाखवलं. दूरवर अर्धवट बांधलेला एक टॉवर होता, डोक्यावर क्रेन. "त्या टॉवरचे खालचे मजले ताणून तो उंच होतोय का?"

"नाही. वर नवीन बांधतायत."

"तसंच. नळी फक्त टोकाला बांधली जाते. नळीच्या आत लांबच लांब धागे असतात, प्रथिनांचे. ॲक्टिन म्हणतात. तो पेशीचा सांगाडा. पण आपल्या हाडांसारखा कायमचा नाही, टोकाजवळ सारखा मोडतो आणि सारखा नवा बनतो. त्या धाग्यांवरून इवल्या इवल्या पिशव्या टोकाकडे नेतात. पिशवीत भिंत बांधायचा माल. टोकाला पोचली की पिशवी तिथल्या पातळ पडद्याला चिकटते आणि त्यातच मिसळून जाते. माल बाहेर भिंतीला, आणि पिशवीचं कापड त्या पडद्याला."

दोन वेण्या घातलेली एक मुलगी कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. "मग कापड जास्त होणार ना?" ती म्हणाली. "पिशव्या इतक्या येतायत तर."

"होतं," संघमित्रा म्हणाली. ती पहिल्यांदाच स्थिर उभी होती. "गरजेपेक्षा जास्त येतं. म्हणून जास्तीचं कापड पुन्हा आत ओढतात, नवीन पिशव्या करतात आणि माघारी पाठवतात. टॉवरवर सिमेंटच्या गोण्या वर, रिकाम्या गोण्या खाली, तसं. दोन्ही एकाच वेळी चालू. एक जरी थांबलं तरी बिघडतं."

"आणि थांबलं तर?"

"ते बघायला आम्ही बसलोय," जुई म्हणाली. मुलं हसली.

फुगवट्याची नळी झाली होती. जाड, काचेसारखी. पडद्यावर ती एका बाजूला सरकत होती, आणि तिच्या आत बारीक कण धावत होते. कडेकडेने पुढे जायचे, टोकाच्या अलीकडे वळायचे आणि मधूनच मागे यायचे. सदाफुलीत हे इतकं स्वच्छ कधीच दिसलं नव्हतं. मुलांच्या मागे कोण येऊन उभं राहिलंय, ते संघमित्राला कळलं नाही.

"त्या पिशव्या का?" मागून आवाज आला. "ते ठिपके?"

"नाही," ती वळून न पाहता म्हणाली. "पिशव्या या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, त्या खूप लहान असतात. हे मोठे कण आहेत. प्रवाहाबरोबर वाहतायत म्हणून प्रवाह कळतो. अगदी टोकाला बघा, मोकळं दिसतंय ना? तिथे मोठे कण जात नाहीत. पिशव्यांची गर्दी तिथे असते."

जुईने तिला कोपर मारलं. संघमित्रा वळली. पांढरे केस, बाह्या दुमडलेला शर्ट, छातीवर परीक्षकाची फीत. डॉ. विजयकर.

"सॉरी सर."

"कशाबद्दल?" ते म्हणाले. "ही लिली ना? कुठून आणलीत?"

"लग्नाच्या हॉलमधून. ते फेकून देतात." तिचं लक्ष पुन्हा पडद्याकडे गेलं होतं. नळीचं टोक थांबलं होतं.

सगळेच बघत होते. टोक हलेना. आतला प्रवाह मात्र तसाच धावत होता, पुढे जाऊन वळत होता.

"थांबली," वेण्यांवाली मुलगी म्हणाली.

"मेली का?" विजयकर सरांनी विचारलं.

"नाही सर. आत वाहतंय."

"मग वाढत का नाही?"

संघमित्राचा पाय टेबलाखाली हलू लागला. दुसरी काचपट्टी घ्यावी, दुसरी नळी शोधावी, काहीतरी करावं. "माहीत नाही सर," ती म्हणाली. "धावणं आणि वाढणं वेगळं असेल. माल येतोय, पण लागत नाहीये. सदाफुली पण मध्ये मध्ये मंदावते आणि पुन्हा निघते. इतकी थांबलेली मी नाही पाहिली."

"थांबू या मग."

ते थांबले. पुढच्या टेबलावरचा मुलगा आपल्या ज्वालामुखीत सोडा घालून तयार उभा होता आणि मान लांब करून इकडे बघत होता. टोक किंचित फुगलं. संघमित्रा पुढे झुकली. टोक पुन्हा सरकलं, बोटभर, आणि मग एकदम उकललं. आतलं सगळं पाण्यात भसकन बाहेर आलं, कण, लगदा, सगळं, आणि मागे रिकामी नळी उरली.

पाचवीच्या मुलांमध्ये एक लांब "आआ" झाला. जुईने डोळे मिटले. देविका मॅडम हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून बघत होत्या. त्यांनी हातातली फाइल छातीशी धरली.

"का फुटली?" विजयकर सर म्हणाले.

"मी सदाफुलीचं द्रावण वापरलं. लिलीला साखर कमी पडली असेल, म्हणून पाणी आत घुसलं. नाहीतर..." ती थांबली. तिचे हात बाटल्यांकडे गेले होते. "नाहीतर बोरिक ॲसिड कमी असेल. त्याने भिंत पक्की होते. ते कमी तर भिंत कच्ची. फुगली होती ना आधी, ती टोकालाच फुगली, मागे नाही."

"यातलं कोणतं?"

"माहीत नाही. दोन्ही एकदम बदललं तर कधीच कळणार नाही." तिने तीन स्वच्छ काचपट्ट्या ओळीत मांडल्या. "एकीत साखर जास्त. एकीत बोरिक जास्त. एक होती तशीच. जुई, पुडी. सर, जरा हे धरता?"

तिने बाटलीचं बूच त्यांच्या हातात दिलं. दुसरं बूच काढायला हात मोकळा नव्हता. विजयकर सर ते धरून उभे राहिले. त्यांच्याबरोबरचे दुसरे परीक्षक पुढच्या टेबलाशी जाऊन थांबले होते; त्यांनी घड्याळ दाखवलं. सरांनी बुचाचा हात वर करून, व्हा तुम्ही पुढे, अशी खूण केली.

"मेमध्ये काय करतेस?" त्यांनी विचारलं.

संघमित्रा काडीच्या टोकावरचे पराग पहिल्या थेंबात झटकत होती. तिला ऐकू आलं नसावं.

"रिकामी आहे सर," जुई म्हणाली. "अख्खा मे."

"अकरा वाजता येशील?" सर संघमित्रालाच विचारत होते. "पहिल्या सोमवारी. परळला. लवकर नको, मला जाग येत नाही."

"दिवा बंद कर," संघमित्रा जुईला म्हणाली, आणि मग तिने मान वर केली. "हो," ती म्हणाली. "हो सर. येईन. पण ते बूच पालथं धरू नका, आत थेंब आहे."